पंच्याहत्तरातले त्रेसष्ट

सागिनबूबूने जामीरबेकला पहिल्यांदा नीट पाहिले, ते पाठीकडून. गावचा जावई म्हणून तो चार वर्षे येत-जात होता, पण तिच्या वर्गातल्या फळ्यासमोर उभा राहून भागाकार मांडणारा माणूस तिला त्या मार्चमध्ये दिसला. अक्षर सरळ, दशांशचिन्ह ठसठशीत. अशा मुलांची वही तपासायला बाईंना बरे वाटते, तसे तिला वाटले.

तो नारीन शहरातल्या टेलिफोन केंद्रात अभियंता होता. वीस वर्षे तांब्याच्या तारांत गेलेली. आता डोंगरातल्या खेड्यांना काचेच्या तारेने जोडायचे ठरले होते. किलोबिटचे मेगाबिट, मेगाबिटचे बाइट तो कागद न घेता करायचा. त्या दिवशी सगळे गाव बाकांवर दाटीवाटीने बसले होते आणि तो समजावून सांगत होता.

"सगळ्या गावांची बोलणी एकाच तारेतून जाणार. तिच्यात एका सेकंदाला एकशे पंचावन्न पूर्णांक बावन्न मेगाबिट मावतात. एका गावाला लागतात दोन हजार अठ्ठेचाळीस किलोबिट, म्हणजे दोन पूर्णांक शून्य चार आठ मेगाबिट. तेवढ्यात तीस माणसं एका वेळी बोलतील. आता भागा." मग तो मागे वळला. "एजे, तुम्ही तपासता का?"

एजे म्हणजे थोरली बहीण. त्याची बायको नुरिला सागिनबूबूची विद्यार्थिनी, म्हणून तोही तिला एजेच म्हणायचा. तिने चष्मा लावला आणि एकेक पायरी तपासली. पंच्याहत्तर पूर्णांक नऊ तीन सात पाच. शेवटी बाकी काहीच नाही.

"चोख आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "पंच्याहत्तर गावं."

"एजेनं तपासलं म्हणजे देवानंच तपासलं," म्हातारा ओसोरकुल म्हणाला. गावात त्याचा शब्द शेवटचा. "जावईबापू, यादीत आपण कितवे?"

"अडुसष्टावे."

"मग आपल्या मागंही सात गावं आहेत. उठा रे, कुदळी काढा!"

मोठ्या रस्त्यापासून गावापर्यंतचा चार किलोमीटरचा चर गावाने स्वतः खणला. मजुरी नाही, घरटी एक माणूस, आमच्याकडची जुनी रीत. दगड असा की ओसोरकुलच्या अंगठ्याचे नख गेले. ज्यांची मुले रशियात कामाला होती, ते सर्वांत आधी येत आणि सर्वांत उशिरा जात. सागिनबूबू शाळा सुटल्यावर त्यांना चहा नि भाकरी नेऊन द्यायची.

ऑक्टोबरमध्ये जामीरबेक आला. सासरी मेंढी कापली गेली आणि मेंढीचे डोके त्याच्या पुढ्यात आले. डोके मिळते ते मानाच्या पाहुण्याला. त्याने आधी कान कापून लहानांना द्यायचा, मगच बाकीच्यांचे हात मांसाला लागतात. त्याने सुरी घेतली, कानापाशी नेली आणि खाली ठेवली. मग ताट उचलून ओसोरकुलपुढे सरकवले.

सासूचा चेहरा पांढरा पडला. मान नाकारणे ही आमच्यात साधी गोष्ट नाही.

"का रे? मेंढी म्हातारी निघाली?" ओसोरकुलने हसण्यावारी नेण्याचा प्रयत्न केला.

"हे माझ्या वाट्याचं नाही, आता." जामीरबेकचे डोळे चटईवर होते. "त्रेसष्टच बसतात. पंच्याहत्तर नाही. आपण अडुसष्टावे."

"भागाकार तर बरोबर होता."

"भागाकार बरोबर होता. पण प्रत्येक गावाचं बोलणं वेगळं बांधून पाठवावं लागतं, त्यावर पत्ता लागतो, खुणा लागतात. ते बांधणंच बारा गावांची जागा खातं. लोकरीच्या गोण्या भरतो ना आपण, त्यातलाच प्रकार. मी नुसती लोकर मोजली."

"गोणीला गोणपाट लागतं, हे तुला कधी कळलं?"

"यंत्र आल्यावर. गेल्या आठवड्यात."

"आमची कुदळ मार्चमध्येच आली होती," ओसोरकुल म्हणाला आणि ताटाला हात न लावता बसून राहिला.

सागिनबूबूकडे कुणीही पाहिले नाही. पाहिले असते तर बरे झाले असते. 'चोख आहे' हे तिचेच शब्द होते.

तो निघाला तेव्हा ती फाटकापाशी गेली. तिथे ती जे बोलली ते तिने आजवर कुणाला सांगितलेले नाही.

"यादी तूच करतोस ना?"

"हो, एजे."

"मग एखादं गाव खाली सरकव. सासर आहे तुझं."

"कुठलं सरकवू? तुम्हीच सांगा."

त्याला वाटले असेल, बाई गप्प बसतील. पण तिच्याकडे नाव तयार होते. "खिंडीपलीकडचं घे. तिथं एकोणीसच तर घरं आहेत."

जामीरबेकने मान वर केली. रागावला असता तर तिने तेही सोसले असते. तो फक्त हळू आवाजात म्हणाला, "त्यांनीही खणलंय, एजे. त्यांच्यात तर बायकाच होत्या, पुरुष सगळे बाहेरगावी." मग फाटकाची कडी काढत, "चूक माझी आहे. ती त्यांच्या दारात कशी टाकू?"

तिने शाल कानावर ओढली. इतक्या वर्षांत कुणा विद्यार्थ्यासमोर मान खाली घालायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

यादी तशीच राहिली. गावाचा चर तीन हिवाळे बर्फाने भरला, तीन उन्हाळे त्यात बोकडांनी वस्ती केली. मग मोठी यंत्रे आली आणि टेलिफोन वाजला. ओसोरकुलने तो ऐकला, थोरल्या मुलाशी बोलला आणि पुढच्या वर्षी गेला. जामीरबेक दर शरदात सासरी यायचा, पण मानाच्या जागेवर पुन्हा बसला नाही. दाराजवळ, लहान सुनांच्या बाजूला बसायचा. सागिनबूबू समोर आली की दोघेही आधी हवेबद्दल बोलायचे.

जामीरबेक आता एकसष्ट वर्षांचा आहे. नारीनमध्ये नदीकाठच्या दोन खोल्यांत तो आणि नुरिला राहतात, आणि दर गुरुवारी तो अजून केंद्रात कामाला जातो.