नाचाच्या हॉलमधल्या गाठी

पॉलिशचा पहिला हात मारला आणि माझं तोंडच उतरलं. सागवानी फळ्या छान उजळल्या, पण मी भरलेल्या गाठी पांढुरक्या पडल्या होत्या. जागोजागी कोड फुटल्यासारख्या. सोमवार होता. रविवारी याच हॉलमध्ये सुषमाताईंचा नाचाचा क्लास सुरू व्हायचा होता.

मी आर्णीचा सुतार. दारं-खिडक्या आयुष्यभर केल्या. लाकडी फ्लोरिंगचं हे दुसरंच काम. फळ्या कापसाच्या जुन्या जिनिंगच्या गोदामातल्या, गाठींनी भरलेल्या. फांदी फुटते तिथे गाठ होते. जिवंत गाठ घट्ट बसते, तिला हात लावायचा नाही. मेलेली गाठ निखळते आणि खड्डा पडतो. पोरी अनवाणी नाचणार, म्हणून खड्डे भरणं भाग होतं. मी भुसा आणि गोंद कालवून भरले. गोंद पॉलिश पीत नाही, हे विसरलो.

ताई आल्या तशी मीच चूक सांगून टाकली. वरून रंग देता येईल का, असं त्यांनी विचारलं.

"येते ताई, पण नाचून नाचून तो उडते."

त्या खाली बसल्या, एका गाठीवरून हात फिरवला. "मंग लपवता कायले, रफीकभाई? काळ्याच करा. दिसू द्या. पोरींच्या पायाले लागलं नाही पाह्यजे, बस."

सगळं भरण पटाशीने उकरलं. आरपार भोकांत आधी लाकडाचे तुकडे ठोकले. मग इपॉक्सीत, म्हणजे दगडासारख्या कडक होणाऱ्या पातळ राळेत, काळा रंग कालवून ओतला. फळीच्या थोडा वर येईल इतका, कारण सुकताना तो खाली बसतो. एक दिवस कडक होऊ दिला. मग मशीनने सगळी जमीन घासून सपाट केली.

शुक्रवारी ताईंनी आपली नायलॉनची ओढणी जमिनीवरून ओढत नेली. दारापाशी एका कुसळात अडकली. मी तेवढं पुन्हा घासलं. दुसऱ्यांदा ओढणी पाण्यासारखी सरकली. तेव्हाच पॉलिश मारलं.

रविवारी मी बायकोला घेऊन गेलो. ताई पोरींना रांगेत लावत होत्या. एकेकीला उभं राहायला एकेक काळी गाठ दिली होती. सगळ्यात लहान पोरगी मागे राहिली. "मॅडम, माही गाठ कोणती?" ताईंनी मधली मोठी दाखवली. ती धावत जाऊन तिच्यावर उभी राहिली आणि आमच्याकडे पाहून हसली. ढोलकी सुरू झाली. नंतर बायको म्हणाली, तुम्हीही पायाने ठेका धरला होता. मला ते कळलंही नव्हतं.

आता कोणतंही भरण आधी फालतू तुकड्यावर भरतो, त्यावर पॉलिश मारून पाहतो. अर्धा तास जातो. आठवडा वाचतो.