तांड्यावरची टायपिस्ट

नोकरीतले किस्से लक्षात ठेवायचे म्हणून कोणी ठेवत नाही. एक सांगायला घेतला की मागून दुसरा येतो. मी सुशीला राठोड. हिंगोली अजून जिल्हा व्हायचा होता, तेव्हा सेनगावच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागले. आमच्या बंजारा तांड्यावरची नोकरीतली पहिली बाई. कचेरीतही दुसरी बाई नव्हती.

पहिल्या दिवशी हेडक्लार्क मान वर न करताच म्हणाले, "मजुरांचे अर्ज बाहेरच्या खिडकीवर." मी नेमणुकीचा आदेश पुढं केला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडं बघितलं. "राठोड? तांड्यावरच्या? वाटत न्हाई हो."

महिन्याभरानं त्यांना माझ्या पत्रात एकही चूक सापडेना. म्हणाले, "कोणाकडून तपासून घेतलं?"

होळी आली तसा एक क्लार्क हळूच टेबलाशी आला. "मॅडम, तांड्यावरची एक बाटली जमंल का?" मी म्हटलं, "माझे वडील माळकरी हायेत." तो म्हणाला, "मग शेजाऱ्याकडून बघा की."

सव्वीस जानेवारीला साहेबांनी परस्पर माझा नाच ठेवला. मी पाचवीपासून वसतिगृहात वाढलेली. नाच येतच नव्हता. तसं सांगितलं. "अहो, तुमच्या रक्तातच असतो तो," साहेब म्हणाले. मी उठले नाही. दुसऱ्या दिवसापासून चहाला मला कोणी हाक मारली नाही. पुढची चार वर्षं डबा एकटीनंच खाल्ला.

सुट्टीत तांड्यावर जावं, तर तिथं बाया मला बघून बोलणं थांबवायच्या. "सरका, मॅडमला बसू द्या." खाटेवर मी एकटी आणि त्या सगळ्या खाली.

कचेरीत कॉम्प्युटर आले त्या वर्षीची गोष्ट. वरचे अधिकारी तपासणीला आलेले. माझ्या टेबलाशी उभे राहून माझं काम बघत होते. तेवढ्यात दारात माझी याडी, म्हणजे आई, येऊन उभी राहिली. अंगावर आरशांचे कपडे, दंडापर्यंत बांगड्या, हातात फडक्यात बांधलेली भाकर.

"ही कोण?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

सगळी कचेरी माझ्याकडं बघून राहिली. माझ्या तोंडून निघालं, "काय काम आहे, बाई?"

याडीनं भाकर ओढणीआड घेतली. येत होती तेवढ्या मराठीत म्हणाली, "दाखला पायजे व्हता, म्याडम. घाई न्हाई."