कहव्यातला ‘ह’

काशीराममामांची आणि आमची ओळख एका अक्षरामुळे झाली, आणि तीही ते अक्षर कोणी धड उच्चारले नाही म्हणून. मामांना आता पंचाहत्तरावे वर्ष लागते आहे. अमरावतीच्या कापूसबाजारातील मंडळी त्यांच्या गौरवाचे पुस्तक काढीत आहेत आणि “तुम्हीही चार ओळी लिहा” असा त्यांचा निरोप आला. माझी लेखणी रोजमेळाच्या वहीपलीकडे फारशी गेलेली नाही. तरी ही ओळख मीच सांगितली पाहिजे, कारण त्या दिवशी गाडीत मी बसले होते.

तेव्हा मी आठ वर्षांची होते. अमेरिकेत लढाई जुंपली होती म्हणून विलायतेला आमचा कापूस हवा झाला होता, असे वडील सांगत. मातीच्या घरांतून काचेची झुंबरे लागली होती. बाजारात जितके खरेदीदार होते तितकेच ठकही होते. आमचे गाव दर्यापूरकडचे. वडील कापसाची गाडी घेऊन अमरावतीला गेले, ते पाचव्या दिवशी परतायचे. नववा दिवस उजाडला तरी पत्ता नाही. मग गावचे नामदेवकाका बाजाराहून आले आणि गाडी न थांबवताच आईला ओरडून म्हणाले, “वयनी, घोर करू नका! भाऊ माळ्याच्या दुकानात हायेत. त्याईचा कावा चालू हाय!”

कॉफीला बाजारात तेव्हा कहवा म्हणत. आम्हां वऱ्हाड्यांच्या जिभेला त्यातला ‘ह’ जड जातो, म्हणून त्याचा झाला कावा. आईने कॉफीचे नावही ऐकलेले नव्हते. तिला ठाऊक असलेला कावा एकच, कपटाचा. कोणा माळ्याने धन्याला फसवून दुकानात कोंडले, असे तिने पक्के धरले. तिने भाकरी बांधल्या, शेजारची गाडी मागून घेतली, मला तीत घातले आणि स्वतः कासरा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या दुकानापुढे उभ्या होतो. कडुलिंबाखाली बाके होती, त्यांवर गिऱ्हाइके होती आणि भाजलेल्या बियांचा कडवट वास सुटला होता. आईने गाडीपासूनच हाक घातली, “कोन हाय थो माळी? भायेर ये! माह्या घरधन्याले काहून डांबून ठेवलं?”

खांद्यावर पंचा टाकलेले तिशीचे एक गृहस्थ बाहेर आले. हेच मामा.

“डांबलं नाई, बाई. निजवलं हाय.”

“मंग कावा काहून केला?”

मामा गोंधळले. “कावा त मी पहाटपासून करून राहिलो. चार भांडे झाले. बसा, तुमालेही देतो.”

बाकांवरची माणसे पोट धरून हसली. “काशीराम, बाईनं बरोबर वळखलं तुले!” असे कोणीतरी म्हणाले. आईने हसणाऱ्यांकडे पाठ फिरवून पदराने डोळे पुसले, तेव्हा मामांना उमगले. ते ओट्यावरून खाली उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, “बाई, भाऊ बिमार होते. आता ताप कमी हाय. आत या.”

आतल्या खोलीत बाजेवर वडील होते, अर्धे झालेले. भर बाजारात ते ताप आणि हगवणीने कोसळले, तेव्हा पटकीची मरी आहे समजून माणसे पांगली होती. मामांनी त्यांना उचलून आत आणले, बाके बाहेर काढून खोली मोकळी केली आणि त्यांची घाण स्वतःच्या हातांनी धुतली. भीतीने कित्येक गिऱ्हाइके तुटली, तिकडे त्यांनी पाहिले नाही. “घरी घाबरतीन, बिमारीचं बोलू नको, कावा पिऊन राहिले एवढंच सांग,” असे नामदेवकाकांना सांगितले होते मामांनीच. त्या चुकीबद्दल ते अजून आईची माफी मागतात.

वडिलांनी डोळे उघडले. “आली का? बैलाईले पानी पाजलं?”

आई बाजेच्या कडेला बसली. ती हसते आहे की रडते आहे, ते मला कळले नाही. तिच्या छातीतून जो श्वास सुटला तो मात्र आजही मला ऐकू येतो.

धोका टळला नव्हता. वैद्यांनी बजावले की आठ दिवस हलवायचे नाही, ताप उलटला तर हातचा माणूस जाईल. आम्ही तिथेच राहिलो. आई रोज सकाळी आधी वडिलांच्या कपाळाला हात लावी, मग अंबादेवीला जाई. दुकानातले काही घेण्याआधी तिने विचारले, “पानी कोनाचं? अन् हे कराची इद्या कोनाची?” मामा म्हणाले, “पानी आपल्या हिरीचं, हात माहा, अन् इद्या एलिचपूरच्या छावनीतल्या एका अरब जमादाराची. तिघंही सोवळे हायेत.” आईने तीन दिवस पेल्याला हात लावला नाही. चौथ्या सकाळी कपाळ थंड लागले, तेव्हा तिने एक घोट घेतला. “हे कडू कोन पेते, बाप्पा!” म्हणाली, आणि पेला रिकामा केला.

त्या दिवसांत मामांनी मला शहरातली कहव्याची सगळी दुकाने दाखवली. मुंबईच्या व्यापाऱ्यांसाठी एका पारशी गृहस्थांनी तंबू टाकला होता, तिथे दूध-साखर घालून देत. मद्रासकडचा एक म्हातारा शिपाई गूळ आणि सुंठ घालून करी. मामा दर सोमवारी प्रत्येकाकडे बसून पेलाभर पीत, दाम देत आणि चांगला असला तर चारचौघांत तसे बोलून दाखवीत. मी विचारले, “मामा, त्यांचा चांगला म्हटला तर तुमच्याकडं कोन येईन?” ते म्हणाले, “पोरी, खोटं बोललं का जीभ बधिर होते. मंग आपलाच कावा बिघडते.”

दुकानात त्यांचा एकच कायदा होता, हात उघडे ठेवायचे. बाजारात दलाल रुमालाखाली शेतकऱ्याचा हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत. शेजारच्याला कळत नसे, आणि पुष्कळदा खुद्द शेतकऱ्यालाही धड कळत नसे. एकदा एका बड्या दलालाने बाकावर असा रुमाल पसरला. मामांनी वाफाळलेला पेला अलगद त्या रुमालावरच ठेवला. “शेटजी, हिथं जे बोलाचं थे तोंडानं बोला. बोटाईले पेला धरू द्या.” शेटजी रागाने उठून गेले आणि महिनाभर फिरकले नाहीत. मग मात्र आले, कारण तसा कहवा दुसरीकडे नव्हता.

आई उन्हात गाडीपाशी उभी राहिली होती, ते मामांच्या मनाला लागून राहिले. पुढच्या हंगामात त्यांनी मागच्या अंगाला सावलीचा ओटा बांधला, फक्त बायांसाठी. भाजी-माळवे विकून थकलेल्या बाया आणि गाडीबरोबर आलेल्या शेतकरणी तिथे कोणाची नजर न चुकवता टेकू लागल्या. त्या ओट्यावर मीही पुष्कळ बसले आहे. उरलेला चोथा मी पुडीत बांधून तुळशीला नेते, तेव्हा मामा म्हणतात, “ताई चोथ्यातूनही घोटभर काढतीन!” वाया घालवणे मला जमत नाही, आणि तुळसही तक्रार करीत नाही.

लढाई संपली, भाव कोसळले. तो तंबू उठला, तो शिपाईही आपल्या मुलखात गेला. मामांनी कहव्याचा पेला लहान केला, पण पातळ केला नाही. आगगाडी आल्यावर अकोल्यात त्यांनी दुसरे दुकान घातले आणि वर्षात मोडलेही. “शिटी झाली का मानसं अर्धा पेला सोडून पयतात. ज्याले बसाची फुरसत नाई, त्यानं पानी प्यावं,” असे म्हणत ते परत आले. माझ्या थोरल्या मुलाबरोबर अभ्यास करून मी मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांनी पेढ्यांबरोबर निरोप धाडला, “आता तुमी तरी ‘ह’ सोडू नका.”

वडील त्या दुखण्यातून उठले. माझे दोन्ही धाकटे भाऊ त्यानंतरचे. वडिलांच्या हातून माझे कन्यादान झाले आणि माझ्या नातवाच्या बारशालाही ते पुढे होते. हे सगळे मामांनी आम्हाला दिले, असे मी देवासमोर मानते. अंबादेवीने मामांच्या हातापायांत बळ ठेवावे, जिभेची चव शाबूत ठेवावी आणि त्यांना उदंड आयुष्य द्यावे.

वडील आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी हे लिहिते आहे कळल्यावर बाजेवरून उठून बसले आणि म्हणाले, “माहंही एक लिही. थो माह्यापेक्षा चार वर्सांनं लहान हाय. पाळी माही पयली. मी जाओस्तोवर त्यानं कुठं जायाचं नाई, मनाव.”

आणि वडिलांना अजून जायची काही घाई दिसत नाही.