बिजलीचं डोहाळजेवण

“हिच्या लिव्हरला चरबी चढलीय,” डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या सासूबाईंच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान दिसला. चरबी म्हणजे त्यांच्या लेखी खात्यापित्या घरची खूण. “मंग? आमच्या दावणीला कधी जनावर उपाशी राह्यलं न्हाई,” त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी हातातली पट्टी त्यांच्यासमोर धरली. बिजलीच्या लघवीत बुडवलेली ती पट्टी गडद जांभळी झाली होती. “आजी, ह्या चरबीनंच मरून राह्यली ती.”

ज्यांच्या गोठ्यात गाभण गाय आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात हौशी माणसं आहेत त्यांनी दोनदा वाचावं. गोड बोलून सांगणं मला आता जमणार नाही.

आमचं शेत वडीगोद्रीच्या शिवारात. घरातली बाकी जनावरं सगळ्यांची, बिजली मात्र माझी. ती वासरू असताना माझ्या वडलांनी हसनाबादहून टेम्पोत घालून पाठवली होती. वडील गेले, भावांचे फोन हळूहळू बंद झाले. माहेरचं म्हणून माझ्याकडे राहिलं ते एवढंच. काळीपांढरी, संकरित, आणि माझ्याइतकीच हट्टी.

ती गाभण राहिली आणि माझी धाकटी जाऊ सोनाली हिच्या अंगात उत्साह संचारला. सोनालीला मोबाईलवर व्हिडिओ टाकायची फार हौस. कुठल्या तरी गावात गाईचं डोहाळजेवण झालेलं तिनं पाहिलं आणि आपणही करायचं ठरवलं. बिजलीच्या पाठीवर हिरवी साडी पांघरली, शिंगांना गजरे बांधले. गल्लीतल्या बायका ताटं घेऊन आल्या. पुरणपोळ्या, लाडू, गूळ घातलेले भिजवलेले हरभरे. गाईनं सगळं खाल्लं. जनावरच ते, त्याला पथ्य काय कळणार? माणसांना कळायला हवं होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला, आणि मग जी बाई येईल ती बिजलीच्या तोंडात काही ना काही कोंबूनच जायची. सासूबाईंनी कडबा बंद केला. “पोटुशीला काय वाळलं खाऊ घालायचं?” कडब्याच्या जागी मक्याचा भरडा आणि सरकी पेंड, घमेलं भरून. बिजलीची पाठ सपाट झाली, बरगडी हाताला लागेना. हे खाणं तिला बाधेल असं मी बोलले, तर सोनाली हसत सासूबाईंना म्हणाली, “आत्या, अक्काला गाईचा हेवा वाटून राह्यला.”

वाटला. का वाटू नये? माझ्या दोन्ही खेपांना या घरात मला कुणी चिंचेचं बोटुक विचारलं नव्हतं. पण हेवा वाटला म्हणून माझं म्हणणं खोटं ठरत नव्हतं.

बिजली सुखरूप व्याली. कालवड झाली. घरात पेढे वाटले गेले. आणि त्याच आठवड्यात तिनं आधी पेंड सोडली, मग भरडा, मग हिरवा चारासुद्धा. शेण कडक, वरून शेंबडासारखी आव. दुधाला आणि श्वासाला जास्त पिकलेल्या फळासारखा गोड वास. हा वास लक्षात ठेवा. तो आला की नजर उतरवत बसू नका, डॉक्टरला बोलवा.

आमच्याकडे आधी नजरच उतरवली. मग सासूबाईंनी ताकद यावी म्हणून बांबूच्या नळीनं तिच्या घशात गोडतेल आणि गूळ ओतला. तिला असा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. तेव्हा मी कुणाला न विचारता अंबडच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. पट्टी जांभळी झाली ती त्या दिवशी.

डॉक्टरांनी दोन नावं सांगितली. पहिलं किटोसिस. व्याल्यावर गाईला दुधासाठी एकदम जास्त ताकद लागते. ती खात नसेल तर अंगावरची चरबी वितळवून ताकद काढते आणि त्यातून रक्तात एक प्रकारचं विष साठतं. गोड वास त्याचाच. दुसरं फॅटी लिव्हर. वितळलेली चरबी लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात, जाऊन बसते. जितकी गाय माजलेली, तितका धोका मोठा. “लिव्हर चरबीनं भरलंय, आणि तुम्ही वरून तेल ओतून राह्यले,” डॉक्टर म्हणाले. “तेल बिलकुल न्हाई. नळी तर हातात घ्यायचीच न्हाई. फुफ्फुसात गेलं असतं तर आज मला बोलवायची गरजच पडली नसती.”

दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी काढलेल्या बिजलीच्या रक्ताची बाटली घेऊन मी एसटीनं अंबडला गेले. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, “कोण आजारी हाय?” मी म्हटलं, लिव्हरचं दुखणं आहे. तिनं माझा हात धरला. “लई पितात का?” मी म्हटलं, गाय आहे. त्यानंतर ती खिडकीकडे तोंड करून बसली.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी रिपोर्टची वाट पाहिली. एकाची शेळी, एकाचं कुत्रं, माझी नुसती बाटली. माणसांच्या दवाखान्यात निदान रडता येतं. इथं डोळ्याला पदर लावला तर लोक बघतात. रिपोर्ट वाईट होता. डॉक्टर म्हणाले, “लिव्हर सुधारतं, वेळ द्या. पण ती खायला लागली पाहिजे. न्हाई खाल्लं तर माझ्या औषधांचा उपयोग न्हाई.”

मग रोज मानेच्या शिरेतून ग्लुकोजचं सलाईन, लिव्हरची इंजेक्शनं, आणि तोंडातून द्यायचं एक औषध, तेही डॉक्टरांच्याच हातून. बिजली बसली ती उठेना. मी तिच्याखाली भुसा पसरला, दिवसातून कितीदा तरी कूस बदलली. कालवडीला शेजारच्या गाईचं दूध आणून पाजलं. सोनाली एकदा गोठ्याच्या दारात आली, फोन वर धरला आणि आवाज रडवेला केला. मी शेणाची पाटी उचलली. ती लगेच गेली.

बिजलीच्या डोळ्यांत पिवळी झाक दिसली आणि सासूबाईंना कावीळ सापडली. मी वैरण आणायला गेले होते. परत आले तर अंगणात गोवऱ्यांचा जाळ, जाळात विळा तापत ठेवलेला, आणि माझ्या दिरानं आणलेला एक माणूस मांडी घालून चहा पीत बसलेला. बिजलीला डागायचं ठरलं होतं.

“माह्या सासूनं डागलेली म्हैस मंग कैक वर्षं दूध देत व्हती,” सासूबाई म्हणाल्या.

मी हौदातली बादली भरली आणि जाळावर ओतली. राख त्या माणसाच्या चहात उडाली. “आधी मला डागा, मंग तिला,” मी म्हटलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच सासूबाईंवर ओरडले होते, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. दीर काहीतरी पुटपुटला. त्या माणसानं विळा तिथंच ठेवून चप्पल घातली.

आणलेली वैरण म्हणजे कडबा होता. पोटुशीला चालत नव्हता तो, वाळलेला. मी खाली बसले, एक धाट मोडून बिजलीच्या तोंडाशी धरलं. तिनं हुंगलं. तोंड फिरवलं. मी धरूनच ठेवलं, शिव्या देत. तिला, घराला, त्या हिरव्या साडीला. मग तिनं जीभ बाहेर काढली आणि कडब्याचं पान ओढून घेतलं. चावायला लागली. कडब्याचा कुरकुर आवाज ऐकला आणि माझं उसनं अवसान गळालं. मी तिच्या मानेवर डोकं टेकून मोठ्यानं रडले.

चार दिवसांनी ती उठली. दूध पहिल्याएवढं आलं नाही, पण ती राहिली. डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. कडब्याचेही नाही. बाकी कुणाचे आभार मानायचे माझ्या मनात नाहीत. गाभण गाईला आटवल्यावर, म्हणजे दूध काढणं बंद केल्यावर, माजू देऊ नका, बरगडी हाताला लागली पाहिजे, आणि भरडा किती द्यायचा ते डॉक्टरला विचारा. सासूला नाही.

बिजली यंदा पुन्हा गाभण आहे. गेल्या आठवड्यात सोनाली गोठ्यात आली. एका हातात फोन, दुसऱ्या हातात ताट, ताटात तूप सोडलेली पुरणपोळी. मागं सासूबाई. “एकच हाय अक्का, मान म्हणून,” सोनाली म्हणाली. बिजलीनं मान लांब केली.

मी मधे उभी राहिले. ताटातली पोळी उचलली आणि दोघींसमोर, शेवटच्या घासापर्यंत, स्वतः खाल्ली. फोन चालू होता, तो चालूच राहू दिला. या घरात माझ्या वाट्याला आलेलं डोहाळजेवण ते एवढंच. पोळी चांगली झाली होती, तसं मी सोनालीला सांगितलंही.