मामा तलावात जावई

ड्रोन उडवणं अजिबात अवघड नाही. तो उतरणार कुठे, एवढं उडवणाऱ्याला ठाऊक असलं म्हणजे झालं. मला फक्त उडवणं ठाऊक होतं.

मी ब्रह्मपुरीच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. माझी सासरवाडी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला आहे. गावाला एक मोठा मामा तलाव आहे. (मामा म्हणजे माजी मालगुजारी. कुणाच्या मामाचा त्याच्याशी संबंध नाही. लग्नानंतर बरेच दिवस मी तो सासऱ्यांचाच समजत होतो, कारण आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात.) गावाचं सगळं धान या तलावावर. पण अलीकडे त्यात एका बाजूने बेशरमाची झुडपं शिरली होती, दुसऱ्या बाजूने जलपर्णी पसरली होती आणि शेवटच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे धानाच्या खाचरांपर्यंत, पाणी पोचेनासं झालं होतं. गावाने तलाव साफ करून मागितला, तेव्हा पाटबंधाऱ्याचे साहेब म्हणाले, "तलाव किती बुजला, ते दाखवा आधी."

हा विषय सासरी जेवताना निघाला. मी भाताचा घास हातात धरूनच म्हणालो, "मंगेशचा ड्रोन आहे ना? वरून फोटो काढू, नकाशावर बसवू. कुठे किती झाडोरा आहे, ते घरबसल्या कळेल."

मंगेश माझा साळा. लग्नाचं शूटिंग करतो. त्याच्या ड्रोनने आजवर नवरा-नवरी, वरातीतले घोडे आणि मांडवावर चढलेले वऱ्हाडी यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. मामाजींनी ताटातून मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं. (एरवी तो आदर चिमूरच्या सहा फुटी थोरल्या जावयाच्या वाट्याला जायचा.) भूगोल हा पोट भरण्याचा विषय असू शकतो, हे त्यांना तोवर पटलं नव्हतं.

"मी उडवून देतो ना भाऊजी," मंगेश म्हणाला.

"लग्नात उडवणं वेगळं, मंगेश. हे शास्त्रीय निरीक्षण आहे."

हे वाक्य माझ्या बायकोने, शोभाने, पुढे मला इतक्यांदा ऐकवलं आहे की आता ते मला स्वप्नातही तिच्याच आवाजात ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगेशने मला अंगणात शिकवलं. वर कसा न्यायचा, वळवायचा कसा, सगळं. "आनि बॅटरी उतरली का तो आपल्या आपन माघारी येते. जिथून उडवला, तिथीच बसते."

एवढा आज्ञाधारक तर माझ्या वर्गात एकही विद्यार्थी नाही. मी निर्धास्त झालो.

तलावाच्या पाळीवर पोचलो तर अर्धं गाव जमलेलं. पाळीवर मोहाची जुनी झाडं आहेत, खाली म्हशी बसलेल्या. इथून उडवला तर फांदीत अडकेल, असं मी जाहीर केलं. "डोंग्यात बसून मधोमध जाऊ आणि तिथून उडवू. चारी बाजू सारख्या दिसतील."

"डोंग्यातून?" मंगेशने विचारलं. "पन भाऊजी, डोंगा तर..."

"तू पाळीवर थांब. म्हशी सांभाळ."

डोंगा वल्हवायला स्वतः मामाजी बसले. जावयाला दुसऱ्याच्या हवाली करायचं नाही, असा त्यांचा बाणा. मला पोहता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सासऱ्याला सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हे.

तलावाच्या मधोमध आल्यावर मी ड्रोन डोंग्याच्या टोकावर ठेवला आणि उडवला. तो सुरेख वर गेला. रिमोटला शोभाचा मोबाइल लावला होता, त्यात सगळा तलाव दिसू लागला. ते पाहून मात्र मी गंमत विसरलो. काठाकाठाने बेशरमाचा रुंद पट्टा, त्याच्या आत जलपर्णीचं हिरवं गोधडं, आणि मधे उरलेलं पाणी एखाद्या फाटक्या धोतराएवढं. मी स्क्रीन मामाजींना दाखवली. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं आणि स्क्रीनवर वाकले.

"हा आपला तलाव व्हय?"

"हो."

"मी याच्यात या काठावरून त्या काठावर पोहत जात होतो, जावईबापू." एवढंच बोलून त्यांनी वल्हं उचललं.

मी स्क्रीनमध्ये डोकं घालून एकेक कोपरा टिपू लागलो. तेवढ्यात मामाजींना आठवलं की दक्षिणेकडे त्यांचं जाळं टाकलेलं आहे. आलोच आहोत तर मासे बघून घ्यावे, म्हणून ते मुकाट्याने डोंगा तिकडे घेऊन गेले. मला पत्ताच नाही. मी आकाशात होतो.

रिमोट एकाएकी टीं टीं करू लागला. बॅटरी संपत आली होती. ड्रोन शहाण्यासारखा वळला आणि माघारी निघाला. मी कौतुकाने म्हणालो, "बघा मामाजी, घरी येऊन राहिला."

"कुठी?" जाळ्यातून एक मरळ सोडवत मामाजींनी विचारलं. "तो तर तिकडं चाल्ला."

मी मान वर केली. ड्रोन तलावाच्या मधोमध, जिथून उडवला होता बरोबर तिथे, रिकाम्या पाण्यावर थांबला होता. आणि हळूहळू खाली उतरत होता.

"भाऊजी, वरती घ्या," पाळीवरून मंगेश ओरडला. "डावी काडी वरती."

मी स्क्रीनकडे बघितलं, तर तिथे तलाव नव्हताच. तिथे माझ्या सासूबाईंचा फोटो होता. फोन त्यांचा येत होता. गोंधळून मी तो उचलला.

"शोभे, किती जन हाये जेवाले? भात किती टाकू?"

"मामी, मी बोलतोय. ड्रोन बुडतोय."

"कोन बुडते?"

"ड्रोन."

"मंग त्याचा नको टाकू का?"

मी फोन कापला, पण तोवर डावी काडी कोणती आणि उजवी कोणती हेच विसरलो होतो. मामाजी मात्र या वयातही असे वल्हवत होते की डोंग्याच्या नाकाशी पाणी फुटत होतं. आम्ही पोचलो तेव्हा ड्रोन डोक्याच्या थोडाच वर होता. मी रिमोट डोंग्यात टाकला आणि उभा राहिलो.

"बसा जावईबापू. डोंगा हाये, बैलबंडी नोहे."

पण मंगेशची रोजीरोटी माझ्या डोळ्यांसमोर पाण्यात चालली होती. मी दोन्ही हात वर करून ड्रोनचे पाय पकडले. त्याला ते आवडलं नाही. तो घरी उतरत होता आणि मधेच कुणीतरी पाय धरले, म्हणून तो फणफणून एका बाजूला ओढू लागला. मी त्याच्यामागे झुकलो आणि डोंगा माझ्यामागे झुकला. मामाजी पटकन दुसऱ्या बाजूला सरकले आणि डोंगा वाचला. मी गेलो.

पाळीवर बायकांनी हंबरडा फोडला. त्यात शोभाचा आवाज मी ओळखला. डोळे मिटले, आईला आठवलं, तपासायचे राहून गेलेले दहावीचे पेपर आठवले, आणि खाली जाऊ लागलो.

फार खाली गेलो नाही. पायाला मऊ चिखल लागला, गुडघ्यापर्यंत आत गेलो आणि थांबलो. डोळे उघडले. पाणी कमरेला होतं. ड्रोन अजून माझ्या हातात, डोक्यावर भिरभिरत होता आणि मी तलावाच्या ऐन मधोमध, दोन्ही हात वर करून, एखाद्या देवाला ओवाळत असल्यासारखा उभा होतो.

पाळीवर सगळे बघत होते. एक म्हैससुद्धा बघत होती.

"मामाजी," मी म्हणालो, "मी उभा आहे."

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मग वल्हं पाण्यात उभं रोवलं. ते लगेच टेकलं. त्यांचा चेहरा उतरला. "इथी दोन पुरुष पानी राहत होतं," ते हळूच म्हणाले. "आम्ही बुडी मारून तळाची माती आनाची पैज लावत होतो." झाडोरा सगळ्यांना दिसत होता. पाण्याखाली तलाव गाळाने भरून आला होता, तो मात्र कुणालाच दिसला नव्हता, ड्रोनलाही नाही.

ड्रोन वाचला. मला बाहेर काढायला मंगेश आणि दोघंतिघं दोर घेऊन आले. माझ्या चपला आजही त्या गाळात आहेत. शोभा पाळीवर आधी रडली, मग मी धड आहे असं पाहून हसली, ती घरी पोचेपर्यंत हसत होती. सासूबाईंनी मला अंघोळीला गरम पाणी दिलं आणि भात थोडा जास्तच टाकला.

ग्रामसभेत समाजमंदिराच्या भिंतीवर ते चित्रीकरण दाखवलं. साहेबही आले होते. आधी झाडोऱ्याचे पट्टे दिसले, माझा नकाशा दिसला, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कॅमेरा खाली येऊ लागला, डोंगा डगमगला आणि पाण्याच्या मधोमध एक गुळगुळीत, चमकणारा गोल दिसला. त्याने सगळी भिंत व्यापली. ते माझं टक्कल होतं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"आमचे जावई," मामाजी गंभीरपणे म्हणाले. "मधोमध उभे हायेत. पानी कमरेले."

साहेबांनी मला उभं राहायला सांगितलं, वरून खाली नीट पाहिलं, आणि सगळ्या सभेत त्यांना पटलेला पुरावा तोच ठरला. उन्हाळ्यात गाळ निघाला. मामाजी रोज पाळीवर बसून तो निघताना बघायचे. मंगेशने ते सगळं वरून टिपलं. (मी म्हशी सांभाळल्या.)

पावसाळ्यानंतर तलाव तुडुंब भरला, तेव्हा मामाजींचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. मीही खूश झालो. म्हटलं, "मामाजी, या रविवारी येतो. किती पाणी झालं, ते बघू."

पलीकडे ते जरा घुटमळले. जावयाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर आलं असावं.

"या ना, जेवाले या," ते म्हणाले. "पन पानी मोजाले आता चिमूरच्या जावयाले बलावलं हाये. तलाव खोल झाला ना बापू. तुमी पुरत नाई."