ताज्या चोथ्यातली साखर

बिअर करताना रस गाळून घेतला की मागे बार्लीचा ओला चोथा उरतो. त्यात एन्झाइम घालून, तो उबेत ठेवून साखर काढायची, हे आमच्या मुलुंडच्या प्रयोगशाळेतलं काम. चोथा अंधेरीच्या एका हॉटेलातून यायचा, जिथे बिअर तिथेच बनते. या कामावर आम्ही दोघीच. मी घाटकोपरची, दोन वर्षांनी सीनियर. ती विक्रोळीच्या चाळीतली, माणसं मूळची मालवणकडची. डबा एकत्र खायचो. तिच्या आईची सोलकढी मी तिच्या वाटणीचीही प्यायचे.

तिच्या प्रयोगात साखर माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त निघायची. एन्झाइम तेच, पन्नास अंश तेच. ती म्हणायची, हॉटेलवाले सकाळी टाकी रिकामी करतात तेव्हा मी स्वतः जाऊन गरम चोथा आणते, दुपारी गाडीतून येतो तो नको वाटतो. मी हसण्यावारी नेलं. चोथा तो चोथा, म्हटलं.

एक दिवस आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तिचे आकडे पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, तुला हे खरे वाटतात का. मी तिला रोज काम करताना बघत होते. तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं.

"माझे तर असे कधीच येत नाहीत, सर," मी म्हणाले.

त्यात खोटं काही नव्हतं. तिच्या आकड्यांचा थोडा हेवा मात्र होता.

सरांनी तिला आपल्यासमोर, गाडीतून आलेल्या चोथ्यावर प्रयोग करायला लावला. साखर माझ्याएवढीच निघाली. हा आंबलाय, वास तरी घ्या, असं ती सांगत राहिली. कोणी घेतला नाही. मीही नाही. महिनाअखेर तिने लॉकरची किल्ली टेबलावर ठेवली आणि गेली.

वर्षभराने एकदा गाडीवाला आला नाही, म्हणून सकाळी मीच अंधेरीला गेले. टाकीतून काढलेला चोथा हाताला चटके देत होता, शिजत्या पेजेसारखा वास येत होता. दुसऱ्या दिवशी मोजलं तर आकडा तिचा. मी तीनदा मोजलं. दुपारपर्यंत गाडीतल्या बंद पिंपात जिवाणू वाढायचे आणि आमची साखर खाऊन टाकायचे, इतकं साधं होतं ते.

सरांना सांगितलं. आपला रिसर्च पेपर छापायला गेलाय, ते म्हणाले, फार तर आभारात तिचं नाव घालू.

रविवारी विक्रोळीला गेले. तिच्या आईने नेहमीसारखं आत बसवलं. ती आता सांताक्रूझला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. मी सगळं सांगितलं, सरांशी काय बोलले होते तेही.

"सरांचं सोड गं," ती म्हणाली. "तुला तरी माहीत होतं ना मी कशी आहे?"

मी हो म्हणाले. ती उठून ओट्यापाशी गेली आणि कप विसळू लागली. चहा झाला होता तरी मी बराच वेळ बसून राहिले. निघताना तिने दार उघडून दिलं, सावकाश जा म्हणाली.

तिने नंबर बदललेला नाही. मीच फोन करत नाही.