झाकणाआतल्या तारखा

आमचे बाबा घड्याळजी. दुकान म्हणजे जिन्याखालची कपाटाएवढी जागा; आत एक माणूस आणि त्याचा हट्ट, एवढंच मावतं. हल्ली वेळ मोबाइलवर दिसते, घड्याळ दुरुस्त कोण करून घेणार? तरी आठवड्याला दोन-तीन गिऱ्हाइकं यायची. उरलेला वेळ बाबा मोबाइलवर भांडायचे.

विषय एकच: काम असो-नसो, सरकारने प्रत्येकाला दरमहा ठरावीक पैसे द्यावेत का? बाबांचं डोकंच फिरायचं. "आयत्या बिळावरचे नागोबा पोसायचे का? फुकट मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही," असं लिहून वर ठोकून दिलं, "माझ्याकडे बघा. पासष्टाव्या वर्षी स्वतःच्या कष्टाचं खातो." चारशे लोकांनी अंगठे दिले. मला इतकी चीड आली! पण आईने शपथ घातली होती, म्हणून गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले, तेव्हा शेजारच्या काकू एक बंद घड्याळ देऊन नुकत्याच गेल्या होत्या. बाबांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि थांबले. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर आतून सुईने तारीख कोरायची त्यांची जुनी सवय. या झाकणात त्यांच्याच अक्षरात दोन तारखा होत्या.

"हे तर बँकेतल्या साहेबांचं," ते म्हणाले. मग पहिल्या तारखेवर सुई टेकवून, "आणि त्याआधी नर्सबाईंचं." दोघंही आमच्याच इमारतीतले. पट्टा तेवढा नवा होता.

भंगारातून घड्याळं आणायची, शेजाऱ्यांच्या हाती पाठवायची, मजुरीही आपल्याच शिवणकामातून द्यायची, हा आईचा तीन वर्षांचा उद्योग. घड्याळं मिळेनाशी झाली, तशी ती दुरुस्त होऊन आलेलीच घड्याळं बंद पाडून, नुसता पट्टा बदलून पुन्हा पाठवू लागली. चाळीस वर्षं घड्याळजीचा संसार केला, पण झाकणाच्या आत काय असतं ते तिला ठाऊक नव्हतं. शपथ मोडून मी हे सगळं बाबांना सांगून टाकलं.

"सगळ्या इमारतीला माहीत होतं?" बाबांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. त्यांचे कान लाल झाले. मला तर तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी घड्याळ चालू केलं, तिसरी तारीख कोरली. घरी आल्यावर आईला म्हणाले, "पट्टा चांगला निवडलास." आईने मशीनवरून मान वर केली नाही.

त्यांच्या लिखाणाखाली कुणीतरी विचारलं होतं, "काका, पैसे असेच मिळाले तर काम कोण करेल?" बाबांनी एका बोटाने टाइप केलं, "मी. मला तीन वर्षं मिळताहेत. दुकान रोज नऊला उघडतो."

त्याला एकही अंगठा मिळाला नाही. एकाने तेवढं विचारलं, "ही कुठली योजना?" बाबांनी ते आईला वाचून दाखवलं, आणि मग दोघंही एकमेकांकडे बघेनात.